रुपयाला किती? अमृतराव घाटावरचा एक हिशोब



मागच्या भागात आपण काशीतल्या मराठी घाटांची धावती फेरी मारली होती. भोसले घाट, शिंदे घाट, अहिल्याबाई घाट. त्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "साहेब, अमृतराव घाट राहिला की!" राहिला नव्हता. मुद्दाम बाजूला ठेवला होता, कारण त्याच्यावर दोन मिनिटं बोलून भागणार नव्हतं. आज तिथेच बसू.

नारद घाटाकडून उत्तरेला निघालात की लगेच लागतो तो राजा घाट. हाच पूर्वीचा अमृतराव घाट. आज पाटीवर 'राजा' आहे, पण हा राजा म्हणजे आपल्या पुण्याचे अमृतराव पेशवे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी इथे पक्क्या दगडाचा घाट बांधून काढला, देवळं उभी केली, अन्नछत्र चालवलं. पहाटे तिथे बसलं की एक गोष्ट लक्षात येते. समोरून अफाट पाणी वाहतंय, त्याला कोणी पैसे मागत नाही. आणि वरच्या गल्लीत तेच पाणी तांब्यात भरून, झाकण लावून विकायला ठेवलेलं असतं. पाणी तेच, जागा बदलली की किंमत आली.

आपल्या मराठीत यासाठी दोन शब्द आहेत, किंमत आणि मोल. आपण ते एकाच अर्थाने वापरतो, पण भाषेने फरक जपून ठेवलाय. 'किंमत' दुकानदार सांगतो. 'मोल' मात्र अनमोल, कवडीमोल, मोलाचा माणूस असं सगळीकडे फिरतं. हा फरक माझ्या डोक्यात पुस्तकातून शिरलेला नाही. तो एका रॉकेलच्या कॅनमुळे शिरला.

मी तेव्हा कॅप्टन होतो. उत्तरेतली एक उंचावरची चौकी, हिवाळ्यात रस्ता बंद. अशा ठिकाणी पिण्याचं पाणी नळाला येत नाही, विहिरीलाही नाही. बर्फ खोदून आणायचा, स्टोव्हवर वितळवायचा आणि प्यायचा. एका रात्री आमचा एक कॅन फुटला आणि रॉकेल बर्फात गेलं. सकाळी मी रीतसर वही काढली. इतके लिटर, सरकारी दर इतका, नुकसान इतकं. रक्कम अगदी किरकोळ होती. मी निर्धास्त मनाने सही करणार, तेवढ्यात आमचे सुभेदार साहेब, सातारा जिल्ह्यातले, शांतपणे म्हणाले, "साहेब, पैसे राहू द्या. किती दिवसांचं पाणी गेलं तेवढं लिहा."

मी पुन्हा हिशोब केला. चार दिवसांचं पाणी गेलं होतं. त्या चार दिवसांत प्रत्येकाच्या वाट्याचा एक चहा बंद झाला आणि धुणं तर विचारूच नका. जवानांनी कुरकुर केली नाही. पण माझ्या वहीतला आकडा आणि चौकीवरचं वास्तव यांचा काही संबंध नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. पदवीला अर्थशास्त्र होतं माझं, तरी सुभेदार साहेबांनी ते शिकवावं लागलं.

आता हा धागा घेऊन 1802 मध्ये चला.

अमृतराव हे रघुनाथरावांचे दत्तक पुत्र. मूळ घराणं भुस्कुट्यांचं. 1768 मध्ये दत्तक घेतले गेले. पुढे 1775 मध्ये रघुनाथरावांना औरस पुत्र झाला, तोच दुसरा बाजीराव. वयाने थोरले असूनही अमृतराव दत्तक म्हणून मागे पडले आणि पेशवाई बाजीरावाकडे गेली.

25 ऑक्टोबर 1802, ऐन दिवाळी. हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. बाजीराव पुणं सोडून पळाले. सिंहगड, महाड असं करत शेवटी वसईला पोहोचले आणि 31 डिसेंबर 1802 रोजी इंग्रजांशी तह करून बसले. इकडे होळकरांनी जुन्नरहून अमृतरावांना पुण्यात आणलं आणि त्यांचा मुलगा विनायकराव याला गादीवर बसवण्याचा घाट घातला.

पण होळकरांपुढे खरा प्रश्न गादीचा नव्हता, फौजेच्या पोटाचा होता. हजारो घोडी, हजारो माणसं आणि पगार थकलेले. मग पुण्याच्या सावकारांपासून साध्या गृहस्थांपर्यंत सगळ्यांकडून सक्तीची वसुली झाली. या कारभारात अमृतरावांचं नाव होतं, हे आपण लपवायचं कारण नाही. इतिहास सांगताना आपल्या माणसाच्या बाजूचे आणि विरुद्धचे असे दोन्ही कागद टेबलावर ठेवायचे, हा आपल्या मालिकेचा नियम आहे.

20 एप्रिल 1803 रोजी आर्थर वेलस्ली घोडदळासह पुण्यात शिरला. हाच पुढे वॉटर्लूचा वेलिंग्टन. अमृतराव जाताना पुणं जाळणार अशी बातमी त्याच्या कानावर आली होती, म्हणून त्याने सुमारे 60 मैल 32 तासांत कापले. पुणं जळलं नाही. अमृतराव आधीच निघून गेले होते. मे महिन्यात बाजीराव परत गादीवर आले.

शहर वाचलं, पण मुलूख वाचला नाही. होळकरांची फौज, पेंढारी, शिंद्यांची फौज, इंग्रजांची फौज, सगळ्या त्याच रानातून गेल्या होत्या. लष्करी माणूस म्हणून सांगतो, त्या काळात फौज जाते म्हणजे काय होतं? उभं पीक घोड्यांच्या पोटात जातं. पेवांमधलं धान्य उकरून काढलं जातं. बैल ओढून नेले जातात. आणि बैल गेला की पुढच्या वर्षाची पेरणीही गेली. त्यात पावसाने दगा दिला. 1803-04 चा दख्खनचा दुष्काळ हा असा माणसांनी अर्धा आणि आभाळाने अर्धा घडवलेला होता. पुणे आणि नगर भागातली गावं ओस पडली. लोक कोकणात, मुंबईकडे चालत निघाले. कित्येक वाटेतच गेले.

इथे एक शब्द सांगतो. जुन्या मराठी कागदपत्रांत धान्याच्या भावाला 'धारण' म्हणतात. ही धारण आजच्यासारखी लिहिलेली नसते. आज आपण विचारतो, "ज्वारी कशी किलो?" आणि उत्तर येतं, इतके रुपये. म्हणजे किलो स्थिर आणि पैसे बदलतात. तेव्हा उलट होतं. रुपया स्थिर, धान्य बदलायचं. प्रश्न असायचा, "रुपयाला किती?" उत्तर यायचं, इतक्या पायल्या किंवा इतके शेर.

समजा, धारण रुपयाला 8 पायल्या आहे. पायलीचे शेर 4, म्हणजे एका रुपयात 32 शेर. दुष्काळात तीच धारण रुपयाला 2 शेर झाली, तर आपल्या आजच्या भाषेत धान्य सोळापट महागलं. पण त्या काळचा माणूस 'सोळापट महाग' असं म्हणायचा नाही. त्याच्या डोळ्यांपुढे माप होतं. 32 शेरांचा ढीग आणि 2 शेरांची ओंजळ. किती तोंडं आहेत आणि किती दिवस पुरेल, हे त्याला लगेच दिसायचं. माझे सुभेदार साहेब जे म्हणाले, तेच ही जुनी धारण सांगत होती. हिशोब पैशाचा नको, दिवसांचा द्या.

दुष्काळात वेलस्लीने काय केलं तेही बघू. त्याच्या सैन्यामागे बंजारे असायचे, बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोण्या घेऊन शेकडो मैल चालणारे. तेव्हाच्या भारतातली खरी पुरवठा यंत्रणा तीच. आजची आमची आर्मी सर्व्हिस कोअर जे काम करते, ते त्या काळी बंजाऱ्यांचे तांडे करायचे. वेलस्ली त्यांना जपायचा, कारण बंजारा रुसला तर तोफा असून उपयोग नाही. नगरला त्याने दुष्काळग्रस्तांसाठी कामं काढली. त्याचं मत असं होतं की ज्याच्या अंगात ताकद आहे त्याला काम द्या आणि मोबदला द्या. नुसतं फुकट धान्य वाटलं तर आसपासची सगळी गर्दी एकाच गावी लोटेल आणि तिथली टंचाई आणखी वाढेल. पुढच्या शतकातली दुष्काळी कामं आणि आपल्या महाराष्ट्राची रोजगार हमी योजना यांच्यामागचा विचार याच जातीचा आहे.

आता परत अमृतरावांकडे. 12 ऑगस्ट 1803 रोजी नगरचा किल्ला पडला आणि दोनच दिवसांनी अमृतरावांशी करार झाला. वर्षाला सात लाख रुपयांची तरतूद आणि त्याबदल्यात पेशवाईवरचा दावा सोडायचा. वेलस्लीच्या बाजूने पाहिलं तर एक शत्रू लढाई न करता कमी झाला. एका मोहिमेच्या खर्चापुढे सात लाख म्हणजे स्वस्त सौदा. अमृतरावांच्या बाजूने पाहिलं तर आयुष्यभराची निश्चिंती. पण ज्या गादीसाठी एवढं रान उठवलं, तिची किंमत शेवटी एका आकड्यात लिहून झाली.

अमृतराव काशीला आले आणि तिथेच राहिले. परत पुणं त्यांनी पाहिलं नाही. आणि इथे या माणसाचं दुसरं रूप दिसतं. बिशप रेजिनाल्ड हेबर नावाचा इंग्रज धर्मगुरू 1824 मध्ये काशीत आला होता. त्याने आपल्या प्रवासवर्णनात अमृतरावांच्या दानाबद्दल लिहिलंय. वर्षातल्या एका ठरलेल्या दिवशी जो ब्राह्मण किंवा आंधळा-पांगळा माणूस येईल, त्याला ठरावीक माप तांदूळ आणि एक रुपया मिळायचा. बागेला चार दरवाजे. तीन दरवाजे तीन प्रकारच्या याचकांसाठी उघडे, चौथा घरच्या माणसांसाठी. दान घेतलेल्याने आतच थांबायचं, सगळ्यांचं वाटप होईपर्यंत बाहेर पडायचं नाही. का? तर तोच माणूस दुसऱ्यांदा रांगेत येऊ नये म्हणून.

ही व्यवस्था वाचून मला हसू आलं आणि कौतुकही वाटलं. रेशन वाटणाऱ्या कुठल्याही क्वार्टरमास्टरने मान डोलावली असती. हजारो माणसं आणि ना शिधापत्रिका, ना अंगठ्याचा ठसा. तरी माणूस मोजून प्रत्येकाला एकदाच दिलं जातंय.

पण मी अडखळलो ते दुसऱ्या गोष्टीपाशी. तांदूळ आणि रुपया, दोन्ही का? रुपया दिला की माणूस तांदूळ विकत घेईल. तांदूळ दिला तर रुपयाची गरज काय? धर्मशास्त्र सांगेल की दानाबरोबर दक्षिणा हवीच. ते बरोबर आहे, आणि कदाचित एवढंच कारण असेल. पण माझं एक अनुमान आहे, अनुमान म्हणूनच ऐका. हा माणूस 1803 चा दख्खन पाहून आलेला होता. हातात रुपया आहे आणि बाजारात दाणा नाही, ही अवस्था त्याच्या डोळ्यांसमोरून गेली होती. रुपया ही किंमत आहे, मोल तांदळाचं आहे, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

इथे दुसरा कागदही टेबलावर ठेवतो. हे सात लाख आले कुठून? शेवटी रयतेच्या सारातून. आणि मिळाले कोणाला? त्या दिवशीच्या दानापुरतं म्हणाल तर ब्राह्मणांना आणि आंधळ्या-पांगळ्यांना. घाटाचे दगड वाहणारा मजूर, नाव वल्हवणारा मल्लाह, नगर भागात पेरणीला बैल न उरलेला कुणबी, यांच्यासाठी त्या तीन दरवाजांपैकी एकही नव्हता. दान मोठं होतं, मनापासूनचं होतं, हेबरसारख्या परक्यालाही ते जाणवलं. पण धान्य पिकवणारा त्या बागेच्या बाहेरच राहिला. 1824 मध्येच अमृतरावांचं काशीत निधन झालं.

गोष्ट इथे संपत नाही. मुलगा विनायकराव पुढे बांदा भागातल्या कर्वीला राहायला गेला, चित्रकूटजवळ. तिथे त्याने राजेशाही थाट मांडला, देवळं बांधली, मोठाल्या विहिरी खोदल्या. दख्खनचे व्यापारी त्याच्यामागे कर्वीला आले. 1837 मध्ये त्याने गणेशबाग उभारली. कोरीव देऊळ, तलाव आणि सज्जे असलेली भव्य विहीर. बुंदेलखंड हा पाण्याचा तुटवडा असलेला मुलूख. तिथे विहीर बांधणं म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको.

विनायकरावानंतर दत्तकपुत्र नारायणराव आणि माधवराव. 1857 चा उठाव झाला, कर्वी त्यात ओढली गेली. जून 1858 मध्ये जनरल व्हिटलॉकची फौज आली. लढाई झालीच नाही, दोघे शरण आले. आणि वाड्यात सापडला खजिना. तोफा, दारूगोळा, रोकड, जडजवाहीर, हिरे. पन्नाच्या हिऱ्यांच्या खाणी तिथून फार लांब नाहीत. ही लूट लाखो पौंडांची निघाली आणि ती कोणी वाटून घ्यायची यावर ब्रिटिश फौजांमध्येच वाद पेटला. व्हिटलॉक म्हणे आमची, बाकीचे सेनापती म्हणत आमचाही वाटा. खटला लंडनच्या नौदल न्यायालयात गेला आणि निकाल लागला 1866 मध्ये. म्हणजे आठ वर्षं. तोवर नारायणराव कैदेतच मरण पावले होते.

मी गणवेश घातलेला माणूस आहे, म्हणून हा भाग मला जास्त लागतो. लुटीसाठी कोर्टात भांडणारी फौज हे सैनिकाला शोभणारं चित्र नाही. पण आपल्या विषयासाठी हिशोब बघा. हिऱ्यांचे वाटे पडले आणि ते समुद्रापार गेले. त्या घराण्याला किंवा कर्वीला त्यातलं काहीही उरलं नाही. उरली ती गणेशबागेतली विहीर आणि काशीचा घाट. दोन्ही पाण्याच्या जागा.

ॲडम स्मिथ नावाच्या स्कॉटिश विचारवंताने 1776 मध्ये हाच पेच मांडला होता. पाण्यावाचून माणूस जगत नाही आणि पाण्याला किंमत जवळपास नाही. हिरा काही कामाचा नाही आणि त्याची किंमत डोळे पांढरे करते. असं का? याचं नीट उत्तर मिळायला पुढची शंभरेक वर्षं गेली. 1870 च्या दशकात जेव्हन्स, मेंगर आणि वालरा या तिघांनी स्वतंत्रपणे ते दिलं. सोप्या शब्दांत असं. बाजारातली किंमत ही सगळ्या पाण्याची नसते. ती तुम्ही घेत असलेल्या पुढच्या एका घागरीची असते. गंगेच्या काठी आणखी एक घागर मिळाली काय, न मिळाली काय, फरक पडत नाही. म्हणून किंमत शून्य. माझ्या चौकीवर पुढच्या एका घागरीवर चार दिवस अवलंबून होते, म्हणून तिथे तिचा भाव वेगळाच.

हे उत्तर चांगलं आहे, पण पुरं नाही. कारण किंमत फक्त त्याचीच गरज मोजते ज्याच्या हातात पैसा आहे. उपाशी माणसाकडे रुपया नसेल तर बाजाराला त्याची भूक ऐकूच येत नाही. अमर्त्य सेन यांनी 1981 मध्ये दुष्काळावरच्या आपल्या ग्रंथात हेच दाखवलं. देशात धान्य असतानाही माणसं उपाशी मरू शकतात, कारण ते मिळवायचा हक्क, मजुरी, ऐपत यांतलं काहीतरी त्यांच्या हातून गेलेलं असतं. 1803 मध्ये फौजेच्या छावणीत बंजाऱ्यांचं धान्य येत होतं आणि शेजारच्या गावात चूल पेटत नव्हती. धान्य तिथेच होतं, फक्त गावाच्या वाट्याचं नव्हतं.

आणि उलटी बाजूही आहे. पीक भरघोस आलं की शेतकऱ्याच्या कांद्याला, टोमॅटोला वाहतुकीचा खर्चही निघत नाही. मग तो माल रस्त्यावर ओततो आणि आपण मोबाईलवर तो व्हिडिओ बघतो. भाजीचं मोल त्या दिवशी कमी झालेलं नसतं. तिच्यात तितकाच घाम, तितकंच पाणी असतं. खाली आलेली असते ती पुढच्या एका पोत्याची किंमत. पण शेतकऱ्याचं घर मात्र त्या किमतीवर चालायचं असतं. अमृतरावांच्या बागेच्या बाहेर राहिलेला कुणबी अजून बाहेरच आहे, असं मला त्या वेळी वाटतं.

मी काही अर्थमंत्री नाही. निवृत्त माणूस आहे, पेन्शन घेतो, पुस्तकं वाचतो आणि तुमच्याशी बोलतो. त्यामुळे मोठे उपाय सुचवणार नाही. एक छोटी सवय सांगतो, जी मी स्वतः लावून घेतली आहे. महिन्याचं सामान आलं की मी पावतीवरचा आकडा नंतर बघतो. आधी हिशोब करतो, हे तांदूळ किती दिवसांचे? ही डाळ किती दिवसांची? सुरुवातीला सौ. हसायची. म्हणाली, "अहो, हे चौकीवरचं खूळ घरात कशाला?" आता तीच सांगते, अमुक डबा बारा दिवस जातो. आणि बारा दिवस जाणाऱ्या डब्यातलं ताटात टाकून द्यायला हात धजत नाही. भाजीवाल्या मावशींशी दोन रुपयांवरून घासाघीस करणंही आपोआप कमी झालं.

पुढच्या वेळी काशीला गेलात तर विश्वनाथाचं दर्शन, गंगा आरती हे सगळं कराच. पण एक सकाळ राजा घाटासाठी ठेवा. पायऱ्यांवर बसा. ज्याने एका गादीसाठी पुण्याची होरपळ पाहिली आणि नंतर वीस वर्षं परक्या गावात माप भरभरून तांदूळ वाटले, त्या माणसाची आठवण काढा. त्याच्या चुकाही आठवा. आणि मग स्वतःला तो जुना प्रश्न विचारा. रुपयाला किती?

पुढच्या भागात बंजाऱ्यांच्या तांड्यांवर बोलणार आहे. फौजा हरल्या-जिंकल्याच्या बखरी आहेत, पण त्या फौजांना जेवू कोण घालत होतं, ते बघू.

जय हिंद.